चोरी पहिल्याच पानावर झालीय

भाचीने पुस्तक परत आणून दिलं. कॉलेजात आहे, रहस्यकथांची प्रचंड वेडी, अगाथा ख्रिस्तीची हाताला लागली तेवढी सगळी पुस्तकं वाचून झालेली, आणि निम्म्या पुस्तकातच खुनी कोण ते सांगून बाकीच्यांचा रसभंग करण्यात पटाईत. तिला मी मोठ्या हौसेने विल्की कॉलिन्स या इंग्रज कादंबरीकाराचं 'द मूनस्टोन' वाचायला दिलं होतं. ज्याला रहस्यकथा आवडतात त्याने हे वाचलंच पाहिजे असं मी कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत आलेय. तर ती म्हणाली, "मावशी, छान लिहिलंय गं, पण आठ प्रकरणं झाली तरी अजून चोरीच होत नाहीये. तो म्हातारा नुसता बोलत बसतो." पुस्तक टेबलावर ठेवलं, फोन काढला, विषय संपला. मी वाद घातला नाही. पण ते वाक्य दिवसभर डोक्यात घोळत राहिलं, कारण वरवर बघितलं तर ती म्हणते ते खरंच आहे, हिरा नाहीसा झाल्याची बोंब उठते ती अकराव्या प्रकरणात, आणि आजकाल पहिल्या प्रकरणात प्रेत पडलं नाही तर वाचणारा पुस्तक मिटून ठेवतो. आणि तरी हे बरोबर नाही असं मला आत कुठेतरी पक्कं वाटत होतं. रात्री पुस्तक परत उघडलं, अगदी पहिल्या पानापासून. श्रीरंगपट्टण, १७९९.

चोरी तर पहिल्याच पानांवर झालीय.

कॉलिन्स त्याला सेरिंगापटम म्हणतो. ४ मे १७९९, टिपू पडलाय, इंग्रज फौज शहरात घुसलीय आणि लूट चालू झालीय. लुटताना सापडेल त्याला फाशी देऊ असं जनरल बेअर्डने जाहीर केलंय, पण ऐकतंय कोण. या गोंधळात जॉन हर्नकॅसल नावाचा एक अधिकारी टिपूच्या शस्त्रागारात शिरतो आणि त्याच्या नात्यातला एक भाऊ, तोही अधिकारीच, त्याच्या मागोमाग तिथे पोचतो. दारात दोन हिंदी माणसं मरून पडलीयत. आत तिसरा शेवटचे श्वास मोजतोय. हर्नकॅसलच्या एका हातात मशाल, दुसऱ्या हातात रक्त ठिबकणारा खंजीर आणि त्या खंजिराच्या मुठीत बसवलेला पिवळा खडा मशालीच्या उजेडात चमकतोय. मरणारा माणूस आपल्या भाषेत एवढंच म्हणतो की हा चंद्रमणी तुझ्यावर आणि तुझ्या माणसांवर सूड घेईल. संपलं. पाचसहा पानांचा मामला. हे सगळं त्या भावाने घरच्या लोकांसाठी लिहून ठेवलेल्या एका कागदात आहे, आपण हर्नकॅसलशी संबंध का तोडले याचा खुलासा म्हणून.

आणि त्या कागदात एक गोष्ट आहे जी मी पूर्वी भराभर वाचून पुढे गेले होते आणि आता मात्र तिथेच थांबले. तो भाऊ लिहितो की हर्नकॅसलने त्या तिघांना मारलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही, दारातल्या दोघांचा तर पुरावाच नाही, आणि आतल्या तिसऱ्यावर वार होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. रक्ताळलेला खंजीर समोर, माणूस समोर, प्रेतं समोर, आणि तरी तो म्हणतो की मी पाहिलं तेवढंच सांगेन. आता ही एका सज्जन माणसाची सचोटी आहे की घराण्याची अब्रू झाकायची सभ्य युक्ती, हे कॉलिन्स सांगत नाही, तुम्हीच ठरवा. पण पुढच्या अख्ख्या कादंबरीचा कायदा इथे लिहिला गेलाय. पुढची गोष्ट एकेक साक्षीदार लिहून सांगतो, आणि जो तो आपल्याला ठाऊक आहे तेवढंच सांगणार. आणि जो तो काहीतरी न पाहिल्यासारखं करणार.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं ते शाळेत असताना, मुलांसाठी केलेल्या एका संक्षिप्त इंग्रजी आवृत्तीत, मागे कठीण शब्दांचे अर्थ वगैरे दिलेली. त्यात ही श्रीरंगपट्टणची पानं दोन ओळींत उरकलेली होती, एका इंग्रज अधिकाऱ्याला हिंदुस्थानात एक मौल्यवान हिरा मिळाला, बस. 'मिळाला'. मग इंग्लंडातलं मोठं घर, वाढदिवस, हिरा गायब, पोलीस, संशय, उलगडा. मला ते आवडलंही होतं, रात्री पांघरुणात टॉर्च घेऊन वाचलेलं आठवतंय, त्या स्वस्त कागदाचा वासही आठवतोय. पण पुढे केव्हातरी मूळ पुस्तक हातात पडलं आणि ते 'मिळाला' म्हणजे नक्की काय होतं ते कळलं, तेव्हा अंगावर काटा आला. एक क्रियापद बदललं की गुन्हाच नाहीसा होतो. त्यामुळे कुणालाही हे पुस्तक सुचवताना पहिली अट माझी हीच असते की संक्षिप्त आवृत्ती अजिबात घ्यायची नाही, पूर्ण घ्यायची, दोन लाखांच्या आसपास शब्द आहेत तर असूदेत.

तर गोष्ट अशी, आणि काळजी करू नका, उलगडा मी कुठेच सांगणार नाहीये. हर्नकॅसल हिरा घेऊन इंग्लंडला परततो, कुणी त्याला दारात उभं करत नाही, सख्खी बहीण लेडी व्हेरिंडरसुद्धा नाही. मरताना तो हा हिरा बहिणीच्या मुलीला, रेचलला, वाढदिवसाची भेट म्हणून ठेवून जातो. ही माफी आहे की सूड, कळायला मार्ग नाही. २१ जून १८४८, रेचलचा अठरावा वाढदिवस, यॉर्कशरच्या समुद्राकाठचं घर. रेचलच्या दोन मावसभावांना तिच्याशी लग्न करायचंय, त्यातला फ्रँकलिन ब्लेक हिरा घेऊन येतो. मेजवानी होते, रेचल तो ड्रेसला लावून मिरवते. पाहुण्यांसमोर अंगणात तीन हिंदी जादूगार येऊन खेळ करून जातात, ते जादूगार नसून ब्राह्मण आहेत, देवळातल्या या हिऱ्याच्या मागावर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या तिघातिघांच्या परंपरेतले. रात्री झोपायच्या वेळी हिरा ठेवायचा कुठे? रेचल म्हणते, माझ्या खोलीतल्या हिंदुस्थानी कपाटात ठेवते, दोन हिंदी सुंदर वस्तू एकमेकींना न्याहाळत बसतील. आई म्हणते, अगं त्या कपाटाला कुलूप नाहीये. तर मुलगी म्हणते, काय हे आई, हे काय हॉटेल आहे का, आपल्या घरात चोर आहेत का!

हे वाक्य वाचून बघा आणि मग श्रीरंगपट्टणचा तो कागद आठवा.

रेचलला वाईट म्हणायचं नाहीये मला, ती तर माझी या पुस्तकातली सगळ्यात लाडकी मुलगी आहे, हट्टी, सरळ, तोंडातून खोटं न काढणारी, आणि जेव्हा तिला बोलायचं नसतं तेव्हा सगळं घर उलटंपालटं झालं तरी न बोलणारी. पण ती ज्या घरात वाढलीय त्या घराला आपल्या भिंतीआड चोर असू शकतो ही कल्पनाच करता येत नाही, चोर म्हणजे बाहेरचा. आणि बाहेरचा कोण, तर ते तिघे. हिरा गेला तेव्हा ते तिघे दुसरीकडे होते, त्यांनी चोरी केलेली नाही, हे लगेच उघड होतं. तरी त्यांना आठवडाभर आत टाकतात, कारण मॅजिस्ट्रेट लेडीसाहेबांच्या ओळखीतला आहे. घराचा म्हातारा कारभारी हे आपल्याला अगदी सहज सांगतो, कायदा जरा ताणला की ताणला जातो म्हणून. तोच कारभारी एके ठिकाणी म्हणतो की आमच्या शांत इंग्लिश घरावर या सैतानी हिंदी हिऱ्याने आक्रमण केलं. आक्रमण! कुणी कुणावर? तो बिचारा मनापासून म्हणतोय, त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही, पण कॉलिन्सने ते वाक्य त्याच्या तोंडी घालताना हात थरथरू दिलेला नाही. हे १८६८ साली लिहिलंय, सत्तावन्नला अकराच वर्षं झालेली, हिंदी माणूस म्हणजे रानटी आणि विश्वासघातकी असं लंडनच्या वर्तमानपत्रांतून भरभरून छापून आलेल्या काळानंतर. ही कादंबरी ज्याच्या साप्ताहिकातून आली त्या चार्ल्स डिकन्सने स्वतः सत्तावन्नच्या वेळी खासगी पत्रातून हिंदी लोकांबद्दल जे लिहून ठेवलंय ते वाचवत नाही. त्याच माणसाच्या 'ऑल द इयर राउंड'मध्ये जानेवारी ते ऑगस्ट दर आठवड्याला ही गोष्ट येत होती, जिची सुरुवातच इंग्रजाने केलेल्या खुनाने आणि चोरीने होते.

आता त्या बोलत बसणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल. गॅब्रिएल बेटरेज, वर आलेला तोच कारभारी. सत्तरी ओलांडलेला, पोरवयात त्या घराण्याच्या चाकरीत लागलेला. त्याला सांगितलंय की हिऱ्याची हकिकत तुझ्या माहितीपुरती लिही, आणि तो लिहायला बसतो तर दर थोड्या वेळाने स्वतःचीच गोष्ट सांगायला लागतो, मग परत सुरुवात करतो, मग परत. 'रॉबिन्सन क्रूसो' हा त्याचा धर्मग्रंथ, काही घरांतून पोथी उघडून कौल घेतात तसा हा क्रूसोचं पान उघडून कौल घेतो, सहा प्रती वाचून वाचून झिजवल्यात आणि सातवी मालकीणबाईंनी वाढदिवसाला दिलीय, निळ्या बांधणीची, साडेचार शिलिंगांची. बायकोशी लग्न का केलं तर ती घर सांभाळायचा पगार घेत होती, लग्न केलं की फुकटात सांभाळेल, असा हिशेब. भाचीला हा बडबडा वाटला. मला वाटतं इथेच गंमत आहे, रहस्यकथेच्या सवयीच्या वाचकाला क्लू म्हणजे राख, ठसा, फाटलेला कागद, रेल्वेचं टाइमटेबल. कॉलिन्स तुम्हाला आधी माणसं देतो. कोण कुणावर आंधळं प्रेम करतं, कोणाला कशाची लाज वाटते, कोण कुणाकडे ढुंकूनही बघत नाही, सिगार सोडल्यावर कुणाला झोप येत नाही, जेवताना कोण कुणाशी भांडलं. हे सगळं बेटरेज गप्पा मारता मारता सांगून जातो आणि त्याला स्वतःला कळत नाही की तो साक्ष देतोय. पहिली दहा प्रकरणं म्हणजे पार्श्वभूमी नाहीये, तो घटनास्थळाचा पंचनामा आहे. दुसऱ्यांदा वाचताना तर मी अक्षरशः पेन्सिल घेऊन बसले होते आणि प्रत्येक पानावर, अरे हे इथे सांगितलं होतं, असं होत होतं.

आणि ज्याला राख आणि ठसेच हवेत त्याच्यासाठी एक रंगाचा डाग आहे. फक्त या एका डागासाठी मी कुणालाही हे पुस्तक देईन. रेचल आणि फ्रँकलिन, दोघांनी मिळून तिच्या खोलीचं दार रंगवलंय, वेलबुट्टी वगैरे, प्रेमात पडत चाललेल्या माणसांचे असतात तसे उद्योग. हिरा गेल्यावर गावचा पोलीस अधिकारी सीग्रेव्ह येतो, सगळ्या नोकरांना दरडावतो, मोलकरणींचे घोळके खोलीत शिरतात, तो त्यांना हाकलतो आणि बघतो तर कुलुपाखाली रंग एका जागी पुसला गेलाय. तुमच्या घागऱ्यांनी रंग बिघडवला, म्हणून वर त्यांनाच ओरडतो. नंतर लंडनहून सार्जंट कफ येतो, त्याला हा डाग दिसतो, सीग्रेव्ह म्हणतो अहो ती क्षुल्लक बाब आहे. कफचं उत्तर रहस्यकथेच्या इतिहासात सोन्याने लिहून ठेवावं असं आहे. तो सांगतो की मागच्याच आठवड्यात माझ्याकडे एक तपास होता, एका टोकाला खून होता आणि दुसऱ्या टोकाला टेबलक्लॉथवरचा शाईचा एक डाग, ज्याचा खुलासा कुणालाच करता येत नव्हता, आणि या घाणेरड्या जगाच्या घाणेरड्या वाटा तुडवताना मला आजवर क्षुल्लक अशी गोष्ट भेटलेली नाही. मग तो शांतपणे विचारतो, रंग वाळायला किती वेळ लागतो? बारा तास. शेवटचा हात कधी मारला? आदल्या दुपारी तीनला. म्हणजे पहाटे तीनला रंग वाळला. मोलकरणी आल्या सकाळी अकराला, तेव्हा रंग वाळून आठ तास झाले होते, वाळलेला रंग घागऱ्याने पुसला जात नाही. मध्यरात्री एका मुलीने दार पाहिलं होतं तेव्हा डाग नव्हता. म्हणजे बारा ते तीन. आणि ज्याच्या कपड्याला रंग लागलाय तो कपडा या घरात कुठेतरी आहे. हे एवढंच. ना भिंग, ना प्रयोगशाळा, साधी वजाबाकी, आणि अख्खं घर गार पडतं.

कफ दिसायला कसा, तर सडपातळ, काळ्या साध्या कपड्यातला, वाळक्या पानासारख्या पिवळट कातडीचा, हा पाद्री असेल नाहीतर प्रेतयात्रांची व्यवस्था बघणारा असेल असं बेटरेजला वाटतं. आल्या आल्या चोरीबद्दल बोलतच नाही, गुलाबाच्या बागेत उभा राहून माळ्याशी वाद घालतो, वाफ्यांमधून खडीच्या वाटा कशाला, हिरवळीच्या हव्यात, आणि निवृत्त झालो की मी गुलाब लावणार. चाकोरीबाहेरचा छंद असलेला, मोजकं बोलणारा, गावच्या पोलिसाला न दुखवता खोटं पाडणारा डिटेक्टिव्ह, असे किती नंतर आले त्याची मोजदाद नाही, बेकर स्ट्रीटवरचे महाशय शेरलॉक होम्स तर १८८७ साली आले, एकोणीस वर्षांनी. त्याच्याही आधी एडगर अॅलन पोचा पॅरिसमधला दुपाँ होता, १८४१ पासून, पण त्या लघुकथा. कादंबरीभर रहस्य पसरवून, प्रत्येक धागा वाचकासमोर ठेवून, घरातल्या मोजक्या माणसांतच चोर आहे असं सांगून खेळवायचं, हे इंग्रजीत इतक्या ताकदीने आधी कुणी केलेलं मला दिसत नाही. टी. एस. एलियट या कवीने तर याला आधुनिक इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतली पहिली, सगळ्यात लांब आणि सगळ्यात चांगली म्हटलंय. पहिली की नाही यावर अभ्यासक भांडतात, भांडोत. सगळ्यात चांगली याबद्दल माझं भांडण नाही.

कफच्या मागे एक खरा माणूस उभा आहे, जॅक व्हिचर. स्कॉटलंड यार्डची डिटेक्टिव्ह शाखा १८४२ मध्ये निघाली तेव्हा सगळी मिळून आठ माणसं होती, त्या पहिल्या फळीतला हा. १८६० मध्ये रोड हिल हाऊस नावाच्या घरात तीन वर्षांच्या मुलाचा खून झाला, व्हिचरचा संशय त्याच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर गेला, कॉन्स्टन्स केंट, आणि त्याच्या तर्काचा मुख्य आधार होता तिचा एक झोपायचा झगा, जो कपड्यांच्या यादीत होता पण घरात सापडत नव्हता. झगा मिळाला नाही, मुलगी सुटली, आणि सगळा देश व्हिचरवर तुटून पडला, एका कामगाराच्या पोराने सभ्य घरातल्या मुलीवर बोट दाखवलं, तिच्या कपड्यांची चौकशी केली म्हणून. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये तिने स्वतःहून कबुली दिली. तोवर व्हिचरची कारकीर्द मोडलेली. कॉलिन्सने त्यातला खून काढला, झगा आणि धोब्याची वही ठेवली आणि ती खरी ठसठस ठेवली, की पोलिसाला दार उघडायचं पण घरात काय दिसलं ते त्याने बोलायचं नाही. कफचा तर्क बरोबर निघतो की नाही ते मी सांगत नाही, पण एवढं सांगते की तुम्हाला जे डिटेक्टिव्हने शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा करायची सवय आहे, ती बाजूला ठेवून वाचा.

आणि मग रोझाना.

रोझाना स्पीअरमन, घरातली मोलकरीण, पूर्वी चोऱ्या करून शिक्षा भोगलेली, एक खांदा दुसऱ्यापेक्षा मोठा, दिसायला साधी. लेडीसाहेबांनी दया येऊन तिला कामावर ठेवलंय. समुद्राकाठी एक रेतीचा पट्टा आहे, थरथरती रेती म्हणतात तिला, भरती फिरायच्या वेळी ती वाळू वरून थरथरते आणि त्यात पाय पडला तर माणूस आत जातो. बाकीचे तिकडे फिरकत नाहीत. रोझाना रोज तिथे जाऊन बसते, आणि बेटरेजला म्हणते की मला असं वाटतं, या वाळूखाली शेकडो माणसं गुदमरतायत, वर यायची धडपड करतायत आणि खाली खाली चाललीयत. रहस्यकथेत असं वाक्य येतं आणि आपण नुसतं वातावरणनिर्मिती म्हणून पुढे जातो. मी पण गेले होते. पण या बाईला कुणीतरी एकदा बघावं एवढीच तिची इच्छा आहे आणि ज्याने बघावं असं तिला वाटतं त्याला ती दिसतच नाही, तो दुष्ट नाही, उलट चांगला माणूस आहे, पण मोलकरणीला मन असू शकतं हे त्याच्या हिशेबातच नाही. आणि नेमक्या त्या न दिसण्यात या गुन्ह्याचा सगळ्यात महत्त्वाचा धागा कितीतरी दिवस अडकून पडतो. तिची एक मैत्रीण आहे, पायाने अधू असलेली कोळ्याची मुलगी ल्यूसी. ती संतापून बेटरेजला सांगते की गरीब श्रीमंतांवर उठतील तो दिवस लांब नाही, आणि देव करो आणि सुरुवात त्या माणसापासूनच होवो. १८६८ सालची करमणुकीची कादंबरी आहे ही. पुढे रोझानाचं पत्र येतं, लांबलचक पत्र, ते वाचताना मला दर वेळी पुस्तक थोडा वेळ उपडं ठेवावं लागतं.

पण त्या पत्राच्याही आधी, बेटरेजची हकिकत संपल्यावर लगेच, कॉलिन्स तुम्हाला मिस क्लॅकच्या हवाली करतो, आणि तुम्ही रोझानासाठी रडत होतात ते विसरून हसायला लागता. ही बाई अतिधार्मिक, लोकांच्या घरात पापमुक्तीची पत्रकं लपवून ठेवणारी, सोफ्याच्या उशीखाली, फुलांच्या कुंडीत, पक्ष्याच्या पिंजऱ्यात, न्हाणीघरात, कुठेही. एका पत्रकाचं नाव 'केसांच्या ब्रशातला सैतान'. पडद्याआड लपून दुसऱ्याचं बोलणं ऐकते, तेही कर्तव्य म्हणून. ती जे सांगते त्यातला शब्द न् शब्द तिच्या द्वेषातून आणि मत्सरातून गाळून वाचायचा, आणि तरी तिला दिसलेलं खरं असतं, तिने काढलेला अर्थ तेवढा खोटा असतो. हे कॉलिन्सने कोणत्या अवस्थेत लिहिलं ते १८७१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने स्वतः सांगितलंय. आई मरणाला टेकलेली, ती मार्च १८६८ मध्ये गेली, आणि हा स्वतः संधिवाताने इतका जखडलेला की लेखणी धरवेना. साप्ताहिकाचा हप्ता तर थांबत नाही. दुःखातून आणि वेदनांतून जरा उसंत मिळाली की अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने मजकूर सांगितला, दुसऱ्याने लिहून घेतला, आणि तो मजकूर म्हणजे लोकांना सगळ्यात जास्त हसवलेली ही मिस क्लॅकची हकिकत. मला हे जेव्हा कळलं तेव्हापासून तो भाग वाचताना हसू येतं आणि त्याच वेळी घशात काहीतरी अडकतं, दोन्ही एकदम. त्या आठवड्यांत तिकडे वेलिंग्टन स्ट्रीटवर साप्ताहिकाच्या कचेरीबाहेर नव्या अंकासाठी लोक गर्दी करून उभे राहायचे.

आपल्या दृष्टीने खटकण्यासारखं नाही का? आहे. सोमनाथच्या देवळातला चार हातांचा चंद्रदेव आणि त्याच्या कपाळावरचा हिरा, हे कॉलिन्सने रचलंय, सोमनाथ म्हणजे शंकर आणि तिथे लिंग आहे, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक. वर विष्णू येऊन तीन ब्राह्मणांना स्वप्नात आज्ञा देतो. सगळी खिचडी. इंग्लिश पोराच्या तळहातावर शाई ओतून भविष्य बघणं वगैरे तर बाजारू पौर्वात्य मसाला आहे, आणि हिंदुस्थान फिरून आलेला एक साहेब त्या तिघांबद्दल वाघांबद्दल बोलावं तसं, धास्तीने आणि कौतुकाने बोलतो. पण हाच साहेब हेही सांगतो की हे तिघे उच्च जातीचे ब्राह्मण समुद्र ओलांडून आलेत, जादूगारांचं सोंग घेऊन फिरतायत, म्हणजे त्यांनी स्वतःची जात सोडून दिलीय, कायमची. हे वाक्य इंग्रज वाचकाला नुसती माहिती वाटली असेल. आपल्याला तसं वाटत नाही. विलायतेहून परतलेल्यांना घरात घ्यायचं की नाही यावर आपल्याकडे त्याच शतकात घरंच्या घरं दुभंगली, प्रायश्चित्तांवरून रणं माजली, आपल्या आज्यापणज्यांच्या गोष्टींत ते आहे. त्यामुळे तीन माणसं परत जायला घरच उरणार नाही हे माहीत असून निघतात म्हणजे काय, हे मराठी वाचकाला कॉलिन्सपेक्षाही जास्त कळतं असं मला वाटतं. पुस्तकात हिरा नेमका कोणी नेला याची चौकशी सगळे करतात, वकील, पोलीस, डॉक्टर, प्रेमिक. हा हिरा कुणाचा हा प्रश्न फक्त त्या तिघांनाच पडलेला आहे आणि त्यांना हकिकत लिहायला कुणी सांगितलेलं नाही. एवढे सगळे साक्षीदार आपापली बाजू मांडतात, त्या तिघांचं एक पान नाही. आणि तरी तिसऱ्या वाचनापर्यंत माझं असं झालं होतं की मला रेचलचं लग्न व्हावं असं वाटत होतंच, पण हिरा मात्र त्या तिघांच्या हाती लागावा असं त्याहून जास्त वाटत होतं.

कॉलिन्सच्याही मनात हे होतं, कारण त्याने प्रस्तावनेत उघड लिहिलंय की ही कल्पना दोन खऱ्या हिऱ्यांवरून सुचली. एक रशियाच्या राजदंडातला, जो कुठल्याशा हिंदी मूर्तीचा डोळा होता म्हणतात, आणि दुसरा कोहिनूर. कादंबरीतली चोरी १८४८ ची. १८४९ मध्ये लाहोरच्या तहात दहा वर्षांच्या दलीप सिंगाकडून कोहिनूर घेतला गेला, तिथेही कागदोपत्री तो राजाने राणीला 'सुपूर्द' केलेला. १८५१ च्या प्रदर्शनात लंडनच्या लोकांनी रांगा लावून तो पाहिला, त्यांना त्याची चमक पुरेशी वाटली नाही म्हणून पुढच्या वर्षी कापून १८६ कॅरेटचा १०५ च्या आसपास आणला. कॉलिन्सचे पहिले वाचक म्हणजे हीच माणसं. त्यांना कोहिनूर पाहून झालेला होता, आणि मग हा माणूस त्यांना पहिल्याच हप्त्यात सांगतो, बघा, असा हिरा घरात कसा येतो.

भाचीला हे सगळं मी सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की पहिली पाच पानं परत वाच आणि मग म्हाताऱ्याकडे ये. तुम्ही घेणार असाल तर पुस्तकाचे हक्क केव्हाच संपलेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं, कानांनी वाचणाऱ्यांसाठी लिब्रिव्हॉक्सवर आहे. छापील आवृत्ती घेतलीत तर कॉलिन्सची स्वतःची प्रस्तावना खुशाल वाचा, पण त्याच्याही आधी प्राध्यापकांनी लिहिलेली जी लांब प्रस्तावना असते ती अजिबात उघडू नका, सगळं सांगून टाकतात. कॉलिन्सचं चरित्रही पुस्तक संपेपर्यंत शोधू नका, त्याच्या आजारपणातली एक गोष्ट मी वर मुद्दाम गाळलीय आणि ती या कथेच्या अगदी गाभ्याशी लागून आहे. शक्य असेल तर सलग वाचू नका, रोज रात्री दोनतीन प्रकरणं, कारण हे हप्त्याहप्त्यानेच लिहिलं गेलंय आणि प्रत्येक हप्त्याच्या शेवटी तो तुम्हाला बरोबर अडकवून ठेवतो. आणि नंतर एझ्रा जेनिंग्ज नावाचा एक माणूस येईल, अर्धे केस काळे अर्धे पांढरे, कुठल्याशा वसाहतीत जन्मलेला, बाप इंग्रज आणि आईबद्दल बोलता बोलता गप्प होणारा, गावाला न आवडणारा. तो आला की घाई करू नका, त्याची पानं हळू वाचा.